साबणाच्या डबीतलं कार्ट्रिज

माझ्या सगळ्या लबाड्या आपल्याला पाठ आहेत असं माझ्या बायकोचं म्हणणं आहे. ही एक तिला ठाऊक नाही. तिलाच काय, कोणालाच नाही. आई-बाबा गेले ते हे न कळताच गेले, आणि जिला सगळ्यात आधी कळायला हवं होतं ती माझी धाकटी बहीण कुंदा वर्ध्याला आपल्या घरी आहे, तिलाही नाही. मग तुम्हालाच का सांगतो आहे? तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणून असेल. यात धीटपणा काही नाही, हे आधीच सांगून टाकतो.

गोष्ट एका कॉम्प्युटरची आहे. निदान मी इतकी वर्षं स्वतःला ती कॉम्प्युटरची आहे असंच सांगत आलो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही भिलाईला सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा स्टील प्लांटमध्ये चार्जमन, म्हणजे पाळीवरचे मुकादम. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून भरतीची वाट बघत घरी बसलेला, म्हणजे आईच्या शब्दांत ‘रिकामा’. कुंदा माझ्याहून लहान, गणित घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. आमचे मामा ट्रेनिंगसाठी परदेशी जाऊन आले होते, येताना त्यांनी एक घरगुती कॉम्प्युटर आणला होता. दिसायला नुसता जाडजूड कीबोर्ड. टीव्हीला जोडायचा, आणि टेपरेकॉर्डरवर कॅसेट वाजवून त्यात प्रोग्राम भरायचा. कॅसेट अशी किर्र वाजायची की आई जपाची माळ हातात घेऊन बाहेर यायची आणि आमच्याकडे बघत उभी राहायची. मामांची हौस वर्षभरात फिटली आणि ते यंत्र आमच्याकडे आलं.

माझ्याकडे आलं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचो. पण खरं तर ते कुंदाचं झालं. मी सोल्डरिंग करायचो. विचार ती करायची.

त्या कॉम्प्युटरला फक्त इंग्रजी अक्षरं येत होती. कुंदाच्या डोक्यात आलं की याला आपली अक्षरं शिकवायची. आलेखाच्या कागदावर ती एकेक अक्षर ठिपक्या-ठिपक्यांनी बसवत राहायची. ‘ग’ बसला, ‘म’ बसला, ‘ज्ञ’ काही केल्या बसेना. जेवताना ताटात भाताची शितं मांडून ती ‘ज्ञ’ जुळवत होती, त्यावरून आईने तिला चांगलं झापलं होतं. एका रविवारी टीव्हीच्या पडद्यावर ‘आई’ असं आलं. आईने पदराने हात पुसले, जवळ येऊन काचेला बोट लावून पाहिलं, आणि म्हणाली, माय वो, माझं नाव टीव्हीत आलं.

पण कॅसेटचं काही खरं नव्हतं. शेजारच्या घरी मिक्सर सुरू झाला की भरत आलेला प्रोग्राम मध्येच मरायचा. म्हणून कार्ट्रिज बनवायचं ठरलं. कार्ट्रिज म्हणजे प्रोग्राम आधीच चिपमध्ये पक्का बसवलेला. कॉम्प्युटरच्या मागच्या खाचेत खुपसायचं, बटण लावायचं, की अक्षरं हजर. परदेशात असली कार्ट्रिजं दुकानात मिळत. आमच्याकडे भिलाईतल्याच सुपेल्याच्या बाजारात, भंगारात जुने बोर्ड मिळत. मी ते करवतीने कापले, चिपा काढून घेतल्या, मामांच्या ओळखीने प्रोग्राम चिपमध्ये भरून आणला, आणि सगळं एका हिरव्या साबणाच्या डबीत बसवलं. डबीला सुरुवातीला वास यायचा. आमचं कार्ट्रिज सुगंधी आहे असं कुंदा सगळ्यांना सांगत सुटली होती.

आता बाबांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाबा भिलाईला यायच्या आधी कुठल्याशा दुसऱ्या कारखान्यात होते. तिथे त्यांच्या जोडीदाराने मशीन बंद झालं असं समजून आत हात घातला होता. समोरून जवाब यायची वाट त्याने पाहिली नव्हती. तो हात गेला. तेव्हापासून शटडाऊनची हाक ही बाबांसाठी देवाच्या नावासारखी झाली. एकाने ‘बंद?’ विचारायचं, बटणाजवळच्याने बटण दाबून ‘बंद’ म्हणायचं, आणि तो शब्द कानावर आल्यावरच हात घालायचा. घरी पंखा पुसायचा असला तरी हेच. बल्ब बदलायचा असला तरी हेच. चालू कॉम्प्युटरमध्ये कार्ट्रिज खुपसलं तर कॉम्प्युटरच्या आतली चिप जळते हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा ते खूशच झाले. म्हणाले, मग इथंही हाक द्यायची. आणि आम्ही द्यायचो. कुंदा कार्ट्रिज हातात धरून विचारायची, ‘बंद?’ मी बटण दाबून म्हणायचो, ‘बंद.’ मगच डबी आत जायची. आमची ती सवयच झाली होती.

त्या हिवाळ्यात सिविक सेंटरला छंदांचं एक प्रदर्शन भरणार होतं. रायपूरचे एक सर ते बघायला येणार होते. त्यांनी रायपूरला कॉम्प्युटरचा वर्षभराचा वर्ग नुकताच सुरू केला होता. मामांनी त्यांना कुंदाबद्दल सांगितलं, आणि त्यांनी निरोप पाठवला की पोरीचं काम बघतो, पसंत पडलं तर घेतो. बाबांना मुलीने रोज गाडीने रायपूरला जाणं फारसं पटलेलं नव्हतं, पण त्यांनी शब्द दिला. सर हो म्हणाले तर जाशील. कुंदा त्या दिवसांत जमिनीवर चालतच नव्हती.

आणि मी? मला हेवा वाटला का? खूप वर्षं मी स्वतःला हे विचारलं आहे. थोडा वाटला असेल. पण पुढे जे झालं ते हेव्याने झालं नाही. ते भीतीने झालं, आणि ते जास्त वाईट आहे असं मला वाटतं.

मला वाटलं, आपणही काहीतरी दाखवावं. मामांच्या ओळखीने एका ऑफिसातून मोडीत निघालेला प्रिंटर मिळाला होता. पडद्यावरची मराठी अक्षरं कागदावर उमटली तर सर बघतच राहतील! पण प्रिंटरचा सिग्नल असतो बारा व्होल्टचा आणि कॉम्प्युटरचा जीव पाच व्होल्टचा. दोघांच्या मध्ये एक सिरियल अ‍ॅडाप्टर लागतो, तो मी घरीच बनवायला घेतला. तोही कार्ट्रिजच्याच खाचेत बसणारा. प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी तो पूर्ण झाला. कुंदा कॉलेजात होती, आई शेजारी गेली होती. कुंदाला येऊ द्यायचं आणि मग लावायचं, एवढा धीर मला धरवला नाही.

जोडणीच्या पिना पुढून बघितल्या तर डावीकडून मोजायच्या, आणि मागून सोल्डर करताना त्या उलट्या होतात. आरशात दिसल्यासारख्या. शिकाऊ पोराचीही ही चूक होऊ नये, आणि मी डिप्लोमावाला. मी त्या सरळ मोजल्या. बटण लावलं तेव्हा बारा व्होल्ट जिथे जायला नको होते तिथे गेले. आवाज काहीच झाला नाही. नुसता वास आला — ज्याने एकदा चिप जाळली आहे त्याला तो वास सांगावा लागत नाही. टीव्हीवर पट्टे धावले. मी झटकन बंद केलं, अ‍ॅडाप्टर ओढून काढला, खिडक्या उघडल्या, आणि पलंगावर बसून राहिलो.

थोड्या वेळाने पुन्हा लावून पाहिलं. कॉम्प्युटर सुरू झाला! पडदा जरासा थरथरला आणि स्थिर झाला. मी हुश्श केलं. पण मला कळत होतं की तो दुखावला आहे. किती, ते कळत नव्हतं. उघडून बघावं असं मनात आलं, आणि उघडलं नाही. कुंदा आल्यावर तिला सांगितलं की अ‍ॅडाप्टर अजून तयार नाही, उद्या छापून दाखवायचं राहू दे. ती म्हणाली, चालते, पडद्यावर दिसलं तरी पुष्कळ आहे. पहिली चोरी ही. इथेच बोललो असतो तर काय झालं असतं? बाबा रागावले असते, प्रदर्शन हुकलं असतं, मामांनी सरांना पुन्हा कधीतरी बोलावलं असतं. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सिविक सेंटरच्या त्या हॉलमध्ये भरपूर गर्दी होती. आमच्या शेजारच्या टेबलावर कोणी चोर पकडायचा भोंगा मांडला होता, तो दर थोड्या वेळाने ठणाणा करायचा. टीव्हीचं तोंड लोकांकडे, कॉम्प्युटर घेऊन आम्ही दोघं मागे. रायपूरचे सर आले. त्यांच्या मागे बाबा उभे राहिले, प्लांटचे बूट घालून, ड्यूटी बदलून आलेले. कुंदाने आधी कार्ट्रिजशिवाय इंग्रजी अक्षरं दाखवली. सगळं नीट चाललं. सर मान डोलवत होते. मग तिने हिरवी डबी हातात घेतली आणि नेहमीसारखं माझ्याकडे न बघताच विचारलं, ‘बंद?’

मी बटण दाबलं. आणि म्हटलं, ‘बंद.’

त्याच वेळी शेजारचा भोंगा सुरू झाला. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या, सरांचीही, बाबांचीही. माझा शब्द फक्त तिला ऐकू गेला. तिने डबी आत सरकवली. मी बटण लावलं. वाकून पाहिलं, पडदा काळा. पुन्हा बंद, पुन्हा चालू. काळाच. डबी काढून पाहिली, तरी काळाच. आदल्या दिवशी अर्धी जळालेली कॉम्प्युटरमधली ती चिप आता पुरती गेली होती, आणि हे त्या हॉलमध्ये एकट्या मला कळलं होतं.

सरांनी हिंदीत विचारलं, कार्ट्रिज लावताना पॉवर चालू होती का? सहजच विचारलं त्यांनी, ओरडले वगैरे नाहीत. कुंदा म्हणाली, ‘नहीं सर, बंद था. भैया ने बोला था.’ आणि तिने माझ्याकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं.

त्या वेळी माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगतो. पॉवर बंद होती म्हटलं, तर मग चिप जळली कशाने? मामा ते यंत्र उघडतील. आत बारा व्होल्टने जळालेलं दिसेल. अ‍ॅडाप्टर कोणी केला, कधी लावला, सांगितलं का नाही — सगळं बाबांच्या समोर. आणि चालू मशीनमध्ये कार्ट्रिज घातलं तरी नेमकी हीच चिप जाते. हा हिशेब जुळायला मला काही वेळ लागला नाही. गणितात मी कच्चा होतो, पण हे मात्र पटकन जमलं.

मी म्हटलं, ‘मी बटण दाबलंच नव्हतं अजून. मी बंद म्हटलंच नाही.’

हे आहे ते. जे सांगायला इतका फिरून आलो ते एवढंच आहे.

सर ‘होता है’ म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. कुंदा माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. आपल्याला काय झालं हे तिला समजत नव्हतं.

बाबा आम्हाला तडक घरी घेऊन आले. बूट काढले, पाणी प्यायले, मग कुंदाशी शांतपणे बोलले. मला आठवतं, कारण ते रागावले असते तर बरं झालं असतं.

‘नापास झाली असती तर मी काही म्हटलं नसतं, बेटा,’ ते म्हणाले. ‘पण जवाब आल्याशिवाय जो हात घालते, त्याले मशीनजवळ जागा नाही. हात गेलेला मी डोळ्यानं पाह्यला आहे.’

कुंदाचं रायपूर बंद झालं. आई मध्ये पडली, मामांनी येऊन समजावलं, काही उपयोग झाला नाही. शिक्षा म्हणून नव्हतंच ते. तिच्या जिवाची काळजी होती त्यांना. माझ्या खोटेपणाला त्यांनी आपल्या आयुष्यातली सगळ्यात खरी गोष्ट जोडली, आणि मी ती जोडू दिली.

कुंदा नंतर बरेच दिवस माझ्याकडे यायची. मी एकटा असलो की यायची. म्हणायची, ‘दादा, मले ऐकू आलं होतं रे. तुह्याच आवाजात.’ भांडायला नाही यायची, विचारायला यायची. आणि मी काय केलं? गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. मी तिला समजावलं. मी म्हटलं, भोंगा वाजत होता, गर्दी होती, रोजची सवय आहे, म्हणून तुले वाटलं असेल. हे मी चांगल्या भावासारखं, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं. एक दिवस ती म्हणाली, ‘असेल. मले वाटलं असेल.’ त्यानंतर तिने विचारलं नाही. मला सुटल्यासारखं झालं, हेही सांगतो. मला झोप चांगली लागली त्या दिवशी.

पुढचं तर सांगायलाही लाज वाटते. मी कॉम्प्युटर उघडला, सुपेल्याहून जुनी चिप आणली, जळालेली काढून ती बसवली, आणि यंत्र सुरू झालं. घरात माझं कोण कौतुक! आईने शिरा केला. बाबा शेजाऱ्यांना सांगत फिरले की पोराने परदेशी मशीन घरी दुरुस्त केलं. मामांनी ते रायपूरच्या सरांच्या कानावर घातलं आणि सरांनी मलाच बोलावलं. कुंदाच्या नावाची जागा होती ती. मी नाही म्हटलं नाही. पहिल्या दिवशी कुंदाने माझा डबा भरून दिला, आणि सोबत तिचे आलेखाचे ते सगळे कागद, गुंडाळी करून, दोरा बांधून. म्हणाली, ‘घेऊन जा, तुह्या कामी येतील.’ सरांनी ती अक्षरं पाहिली आणि कोणी केली म्हणून विचारलं. मी म्हटलं, ‘घर पे बनाए हैं, सर.’ यात खोटं काय आहे, सांगा?

त्याच वर्गाच्या जोरावर मी आयुष्यभर कॉम्प्युटर दुरुस्त करून पोट भरलं. आजही लोक मला कॉम्प्युटरवाले काका म्हणतात. कुंदाने बी.एस्सी. पूर्ण केलं, तिचं लग्न झालं, ती शाळेत गणित शिकवायला लागली. मुलं तिला मानतात. तिचं काही वाईट झालं नाही — हे वाक्य मी मनात इतक्या वेळा म्हटलं आहे की आता ते मला ऐकूही येत नाही. पण तिच्या घरी राहायला गेलो की दिसतं. ती कोणतीही गोष्ट एकदा विचारून थांबत नाही. नवऱ्याला विचारते गॅस बंद केला का, तो हो म्हणतो, ती पुन्हा विचारते, तो पुन्हा हो म्हणतो, आणि ती उठून बघून येते. जावईबापू हसतात. म्हणतात, तुमच्या बहिणीचा माझ्यावर विश्वास नाही. तिचा विश्वास त्यांच्यावर पूर्ण आहे. तो कोणावर नाही ते मला माहीत आहे.

अजून एक सांगायचं राहिलं. हे मी बायकोला तर सोडाच, स्वतःलाही फार वेळा आठवू दिलेलं नाही.

प्रदर्शनानंतरचा उन्हाळा होता. माझा रायपूरचा वर्ग सुरू होता. एका सुट्टीच्या दिवशी कुंदा मला म्हणाली, सुपेल्याला चाल, काम आहे, आई-बाबांले सांगू नको. मी बाबांची स्कूटर काढली. तिने मला एका दवाखान्यासमोर थांबवलं. कानाच्या डॉक्टरचा दवाखाना होता तो. मी विचारलं, कान दुखून राहिला का? ती म्हणाली, नाही, दुखत नाही. आत जाऊन बसली. मी बाहेरच्या बाकावर बसलो. पडद्यामागे डॉक्टर काहीतरी वाजवत होते आणि ती दर वेळी सांगत होती, ‘हाँ, सुना. हाँ, सुना.’

बाहेर आली तेव्हा ओढणीने घाम पुसत होती. मी विचारलं काय म्हणाले.

‘कान चांगले आहेत म्हणे,’ ती म्हणाली. ‘म्हणजे कानाचा दोष नाही, माहीच चूक होती रे. मीच जवाबाची वाट नाही पाह्यली.’

आणि ती जराशी हसली. एकदाचा निकाल लागला म्हणून हसली असेल.

मी स्कूटरला किक मारली. ती मागे बसली. चौकात ट्रक अडकले होते, आम्हाला बराच वेळ तिथेच थांबावं लागलं, इंजिन बंद करून. ती माझ्या पाठीमागे होती आणि तिचे कान चांगले होते. मी काहीही बोललो नाही.